टोमॅटोच्या वाडग्यातली पुंगळी

१

ओलेटा बार्क्सच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला बशीएवढं भोक पडलं होतं, आणि ते कुणी पाडलं याबद्दल एकटी ओलेटा सोडून कुणालाच शंका नव्हती.

मर्ल स्टिडम त्या भोकापुढे बराच वेळ उभा राहिला. आतल्या फळ्या फुटल्या होत्या, बाहेरच्याही फुटल्या होत्या. पलीकडच्या ओसरीवर टांगलेल्या झोपाळ्याच्या पाठीत छर्रे रुतून बसले होते. दर शनिवारी पाच वाजता रॉइस आणि त्याची बायको लॅनेट ओलेटाकाकूकडे जेवायला येत, आणि त्यांची चार वर्षांची पोझी आल्या आल्या त्याच झोपाळ्यावर जाऊन बसे. या शनिवारी ते आले तेव्हा बंदुकीच्या दारूचा वास अजून घरात भरून होता.

"मी आत शिरलो तर काकू पलंगावर बंदूक घेऊन बसलेली," रॉइस म्हणाला. हा ओलेटाच्या नवऱ्याचा पुतण्या, शहरात गाद्यांच्या दुकानात काम करणारा, बंदुकीकडे साप बघावा तसा बघणारा. "मला म्हणते, 'कोण आहे? आहेस तिथेच थांब.' मला, मर्ल. तिच्या मांडीवर वाढलो मी."

"मग?"

"मग आवाज ओळखला, बंदूक उघडून बाजूला ठेवली. आणि म्हणते, हे भोक मी पाडलंच नाही. मी पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले होते."

जवळच डेप्युटी कोल्टर वही घेऊन उभा होता. शेरिफच्या कचेरीत मर्लने तीस वर्षं काढली, आणि हा पोरगा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. आता निवृत्तीनंतर मर्ल नेमबाजीचं मैदान चालवत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर, मला तर सरळ दिसतंय. सकाळी तुमच्या मैदानावर गोळीबार करून आली, बंदूक साफ करायला घेतली, आत काडतूस राहिलं होतं. आणि आता आठवत नाहीये. एकोणऐंशी वर्षांची आहे. होतं असं."

रॉइसने खिशातून घडी केलेला कागद काढला. तो न्यायाधीशासाठी होता. काकूला स्वतःचं भान राहिलं नाही, तिचा पालक म्हणून मला नेमा, असा अर्ज. अर्ज महिन्याभरापूर्वीच दिलेला होता आणि आजवर रॉइस तो पुढे ढकलत आला होता. सुनावणी बुधवारी होती.

"आता नाही ढकलणार," रॉइस म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "पाऊण तास लवकर आलो असतो तर माझी पोर त्या झोपाळ्यावर असती."

बुधवारी ओलेटा घरातून जाणार, घर विकलं जाणार, आणि तिला ही बंदूक निवडून देणारा, ती चालवायला शिकवणारा माणूस होता मर्ल स्टिडम.

२

ओलेटा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर.

"तूही तेच म्हणायला आला असशील," ती म्हणाली.

"मी विचारायला आलोय, मिस ओलेटा."

"मग बस. आणि टोपी काढ. शाळेत तुला पाव वाढायचे तेव्हाही सांगावं लागायचं."

शाळेच्या खानावळीत तिने एकतीस वर्षं रांधलं होतं. मर्लच्या पिढीतल्या निम्म्या गावाला अजून ते ऊन पाव आठवतात. टोपी काढून तो बसला.

बंदुकीची हकीकत मर्लला तोंडपाठ होती, कारण ती त्याच्याच मैदानावर घडली होती. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी एक अनोळखी माणूस या घरात शिरला. ओलेटा कोठीघरात, बरण्यांच्या फडताळामागे, पाऊण तास श्वास धरून उभी राहिली. शेरिफची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. त्या माणसाने दोन चांदीचे चमचे आणि अर्धा केक नेला. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर येऊन म्हणाली, "मला त्या कोठीघरात पुन्हा उभं राहायचं नाही. शिकव."

बाकीचे लोक येतात ते आधी मोठी बंदूक मागतात. नवऱ्याची नाही तर मेव्हण्याची बारा बोर उचलतात, एक बार काढतात, खांदा चोळत घरी जातात, आणि मग ती बंदूक कपाटात कोळ्यांना आंदण. ओलेटाने आधी घर मोजलं. पलंगापासून बोळाच्या टोकापर्यंत सात पावलं, त्याहून लांब मारायची वेळ या घरात येणारच नाही, हे तिने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून आणलं. मग दोघांनी मिळून एकेक बंदूक खांद्याला लावून पाहिली. बारा बोर तिच्या हाडांना सोसेना, म्हणून त्याहून हलकी वीस बोर ठरली. खांद्याला लावायचा दस्ता लांब पडत होता, तो मर्लने चार बोटं कापून दिला. बाई डावखुरी, म्हणून त्याने डावखुऱ्यांना सोयीची पंपाची, म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढून भरायची, जुनी बंदूक शोधून आणली. पहिल्याच शनिवारी उडालेल्या काडतुसाची तापलेली पुंगळी तिच्या सँडलमध्ये शिरली आणि ती एका पायावर नाचली. तेव्हापासून ती बूट घालून येते.

आणि काय येते! उन्हाळा नाही, थंडी नाही, दर शनिवारी दहा वाजता एक नंबरच्या जागेवर हजर. सात पावलांवर कागदी थाळी लावायची, खुर्चीत बसायचं, कारण प्रसंग आला तर आपण पलंगावर बसलेले असणार. आधी मोठ्याने ओरडायचं, "कोण आहे? आहेस तिथेच थांब." मग एक बार. बार झाला की लगेच पंप ओढायचा. पंचवीस काडतुसं संपली की बंदूक उघडायची, नळीच्या मुळाशी करंगळी घालून रिकामी आहे ना ते पाहायचं. एकदा नाही, तीनदा. मर्लने शेकडो माणसं शिकवली, पण तीनदा सांगितलं म्हणून तीनदा करणारी ही एकटीच.

"आज काय काय केलंत ते सांगा," मर्ल म्हणाला.

"बारा वाजता घरी आले. करंगळीने पाहिलं. बंदूक त्या पोलादी पेटीत ठेवली, आकडे फिरवले." पलंगाशेजारच्या पेटीकडे तिने बोट दाखवलं. "साफ मी संध्याकाळी करते, जेवणं झाल्यावर. चार वाजता टपाल आणायला निघाले. टपालाची पेटी अर्धा मैल लांब, माझी चाल तुला ठाऊक आहे. परत आले तर भिंत फुटलेली. घरात कोणी असेल म्हणून थेट इथे आले, दार लोटलं, पोलादी पेटी उघडली, शेरिफला फोन केला आणि बसून राहिले. तू शिकवलंस तसं."

"वाटेत कुणी भेटलं?"

"कुणी नाही."

"बार ऐकला?"

"शनिवारी या डोंगरात बार कोण मोजतो, मर्ल? खारींच्या शिकारीचा मोसम आहे." मग तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "माझ्या पायाखालून घर गेलं तरी चालेल. पण त्या झोपाळ्यावर मी गोळी झाडली असं पोझीला सांगतील, ते नाही मला चालायचं."

मर्ल उठला. त्याला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि एवढ्यात कोल्टरने दारातून हाक मारली. "सर, पुंगळी सापडली. तिचीच आहे."

३

पुंगळी ओट्यावरच्या वाडग्यात होती. ओलेटाने थंडी पडायच्या आत तोडून ठेवलेले शेवटचे टोमॅटो त्यात होते, आणि त्यांच्यामध्ये ती पिवळीधमक पुंगळी बसली होती. वीस बोरची काडतुसं सगळीकडे पिवळीच असतात, बाराच्या नळीत चुकून कुणी घालू नये म्हणून. एक टोमॅटो फुटून त्याचा रस वाडग्याच्या तळाशी जमला होता.

"हे बघा," कोल्टर म्हणाला. "ती इथे कोठीघराच्या दाराशी उभी. समोर भिंत. पुंगळी उजवीकडे उडाली, सहा फुटांवर वाडग्यात पडली. कोठीघरातल्या फळीवर काडतुसांचा खोका आहे, त्यात एक कमी. तीच बनावट, तेच छर्रे. बंदुकीच्या नळीला दारूचा वास आहे. अजून काय पाहिजे?"

मर्लने मान डोलावली. सगळं जिथल्या तिथे होतं. बायबलवर हात ठेवून सांगावं इतकं जिथल्या तिथे. तरीही काहीतरी दाताखाली खड्यासारखं लागत होतं, आणि काय ते त्याला कळेना.

रविवारी चर्च सुटल्यावर त्याने एकेकाला गाठलं.

रॉइस गाडीला टेकून उभा होता. "अर्ज करायचं तुझ्या डोक्यात आलं कसं?" मर्लने विचारलं.

"जेंट्री सांगायचा. काकूच्या घरातून वेळी-अवेळी बार ऐकू येतात म्हणाला. शेजारी आहे तो, त्याला कळणारच. मी तिला एकदाच मैदानावरून आणायला आलो होतो, तिची गाडी बंद पडली तेव्हा. तिच्या दोन्ही बुटांच्या मधून पुंगळ्या वेचून कॉफीच्या डब्यात भरल्या. हात थरथरत होते माझे. तिचे नव्हते." तो कसनुसा हसला. "मला ते घर नकोय, मर्ल. पण जेंट्री म्हणतो तो कधीही विकत घेईल, म्हणजे तिच्या वृद्धाश्रमाची सोय होईल."

लॅनेट पोझीचे बूट बांधत होती. तिचं आणि बंदुकीचं नवऱ्यासारखं वाकडं नव्हतं. चर्चच्या नेमबाजीत गेल्या वर्षी बक्षिसाची टर्की कोंबडी तिनेच जिंकली होती.

"माझा विश्वास बसत नाही," ती म्हणाली. "काकू माझ्यापेक्षा काटेकोर आहेत. मी एकदा काडतुसं गाडीच्या पुढच्या खणात विसरले, तर मला उभी करून झापलं होतं. पण त्यांनी नाही तर कुणी केलं? घराला कुलूप नसतं दिवसा. आणि पोझीचा विचार आला की माझं डोकंच चालत नाही."

"शनिवारी चारला तू कुठे होतीस?"

लॅनेटने वर पाहिलं. "रॉइस दुकानात, पोझी माझ्या आईकडे, आणि मी एकटी घरी फरशी घासत होते. लिहून घे पाहिजे तर."

जेंट्री मॉपिन कुंपणाशी भेटला. साठी ओलांडलेला, मोठ्या मनाचा म्हणून प्रसिद्ध. ओलेटाला लाकडं फोडून देणार, छपराला पत्रा ठोकून देणार. त्याच्या चाळीस गायी कुंपणाला नाक लावून ओलेटाच्या बाजूच्या झऱ्याकडे बघत होत्या. यंदा तीन महिने नीट पाऊस नव्हता.

"वाईट वाटतं रे," जेंट्री म्हणाला. "देवमाणूस आहे बाई. पण वय कुणाला सोडतं?"

"तू शनिवारी घरीच होतास?"

"विहिरीच्या पंपाशी झगडत होतो. गाळच येतोय नुसता. एक बार ऐकला चारच्या सुमारास, म्हटलं, झालं म्हातारीचं सुरू." त्याने उजवा खांदा चोळला. हिवाळ्यात त्यावर शस्त्रक्रिया झाली होती.

"खांदा कसा आहे?"

"आहे. आजोबांची दुनळी बंदूक भिंतीवरून उतरवली नाही तेव्हापासून. एक बार काढला तर खांदा पुन्हा निखळेल."

"त्या तुझ्या चुलतभावाने घेतली का मग बंदूक?"

"कोणत्या चुलतभावाने?"

"वसंतात तू मला विचारलं होतंस ना, सगळ्यात कमी धक्का कोणत्या बंदुकीचा. चुलतभावासाठी."

"अच्छा, तो. नाही. त्याचं तसंच राहिलं." जेंट्रीने गायींना हाकललं आणि तो पंपाकडे गेला.

तीन माणसं, आणि तिघांच्याही बोलण्यात एकही फट नाही. सोमवारी सकाळपर्यंत मर्ल हातपाय गाळून बसला होता.

४

सोमवारी मैदान बंद असतं आणि मर्ल झाडतो. नाही म्हटलं तरी आठवड्याच्या चार-पाचशे पुंगळ्या साचतात. तो शेवटच्या जागेपासून सुरुवात करून एक नंबरपर्यंत येतो. प्रत्येक जागेच्या उजवीकडे रंगीत पुंगळ्यांचा पसरलेला पट्टा असतो, लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या. झाडू उजवीकडे नेऊन आपल्याकडे ओढायचा, की पट्टा गोळा होतो. हाताला इतकं सवयीचं झालेलं काम की डोकं दुसरीकडे असलं तरी चालतं.

आठवरून सात, सातवरून सहा. मनात बुधवार घोळत होता. न्यायाधीशासमोर काय सांगायचं? की बाई चांगली आहे, पाव चांगले करायची?

दोन नंबर झाला. एक नंबरला तो पोचला, झाडू उजवीकडे नेला आणि आपल्याकडे ओढला. झाडूला काहीच लागलं नाही.

मर्लने खाली पाहिलं.

उजवीकडची फरशी स्वच्छ होती. पिवळ्या पुंगळ्या होत्या, पण जागेच्या ऐन मध्यभागी, खुर्चीसमोर, दोन बुटांच्या खुणांमध्ये एका लहान ढिगात. ओलेटा जाताना निम्म्या वेचून नेते, उरलेल्या तिथे राहतात. दोन वर्षं तो ढीग तो झाडत होता आणि दोन वर्षं त्याने तो पाहिला नव्हता.

"अरे गाढवा," मर्ल स्वतःला म्हणाला. "ती बंदूक तूच निवडलीस की."

झाडू तिथेच टाकून तो गाडीकडे निघाला. पण गाडी सुरू करता करता त्याचा हात थांबला. पुढचा प्रश्न त्याला आत्ताच दिसला होता आणि त्याचं उत्तर त्याला मुळीच आवडलं नव्हतं. उजवीकडे जोरात पुंगळी फेकणारी, आपोआप भरणारी वीस बोरची बंदूक या भागात त्याने एकाच माणसाच्या हातात पाहिली होती. टर्की जिंकली त्या दिवशी, लॅनेटच्या.

५

लॅनेट मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती.

"तुझी ती आपोआप भरणारी वीस बोर," मर्ल म्हणाला. "मला बघायचीय."

"का?"

"दाखव आधी."

तिने चादरीला चिमटे लावले, अगदी सावकाश. "माझ्यावर संशय आहे तर."

"मला बंदूक बघायचीय, लॅनेट."

"नाहीये घरात."

मर्लने पुढचा चिमटा उचलून तिच्या हातात दिला. तीस वर्षांच्या नोकरीत त्याला एक गोष्ट नेमकी शिकायला मिळाली होती. गप्प राहिलं की ती शांतता समोरचा माणूस भरून काढतो.

"ऑगस्टपासून नाहीये," लॅनेट म्हणाली. "मी शब्द दिलाय कुणाला सांगणार नाही म्हणून. काही वाईट नाहीये त्यात. माणसाला लाज वाटत होती, एवढंच. आयुष्यभर आजोबांची दुनळी मिरवली, आणि आता खांद्याला सोसत नाही म्हणून बाईमाणसाची मऊ बंदूक मागायची. कबुतरांच्या शिकारीच्या मोसमापुरती दे म्हणाला. अजून परत केली नाही."

"कोण?"

चादरीचं टोक तिच्या हातातच राहिलं. बोलता बोलता तिला स्वतःलाच ते कळत गेलं होतं.

"जेंट्री," ती म्हणाली.

६

मंगळवारी दुपारी मर्लने सगळ्यांना ओलेटाच्या स्वयंपाकघरात बोलावलं. ओलेटाने मक्याचा पाव आणि घेवडा चुलीवर ठेवला होता. पाहुणे आरोप करायला येवोत नाही तर माफी मागायला, या घरात उपाशी कुणी बसत नसे. रॉइस दाराशी, लॅनेट त्याच्या शेजारी. जेंट्री टोपी हातात घेऊन खुर्चीवर. सगळ्यात शेवटी कोल्टर आला आणि लांबट पिशवी भिंतीला टेकवून उभा राहिला. भिंतीतल्या भोकातून वारा येत होता.

"मिस ओलेटा, तुमची बंदूक आणा," मर्ल म्हणाला. "आणि सरावाची खोटी काडतुसं."

तिने पेटीतून बंदूक आणली, उघडली, करंगळी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. जेंट्रीने नजर दुसरीकडे वळवली. मग तिने पाच खोटी काडतुसं भरली आणि कोठीघराच्या दाराशी उभी राहून दस्ता डाव्या खांद्याला लावला.

"ओढा पंप."

तिने पाच वेळा पंप ओढला. काडतुसं एकेक करून टपटप तिच्या पायांशी पडली, दोन बुटांच्या मध्ये.

"बहुतेक बंदुका पुंगळी उजवीकडे फेकतात," मर्ल म्हणाला. "डावखुऱ्या माणसाच्या ती तोंडासमोरून जाते. म्हणून मी हिला मुद्दाम खालून टाकणारी बंदूक निवडली. रॉइस, तू स्वतः तिच्या बुटांमधून पुंगळ्या वेचल्यास. मी दोन वर्षं झाडल्या. आणि शनिवारी आपण सगळे इथे उभे राहून म्हणालो, पुंगळी उजवीकडे उडाली. कारण जन्मभर आपण उजवीकडेच पाहत आलो. आता कोल्टर, तू सांग, पायाशी पडलेली पुंगळी ओट्यावर चढते कशी?"

"कुणीतरी उचलून ठेवली असेल," कोल्टर म्हणाला. पण वही त्याने मिटली होती.

"उचलून ठेवलेल्या पुंगळीने टोमॅटो फुटत नाही. ती उडून आली. दुसऱ्या बंदुकीतून."

मर्लने पिशवीतून ती दुसरी बंदूक काढली, लॅनेटची. दोन खोटी काडतुसं भरली, कोठीघराच्या दाराशी त्याच जागी उभा राहिला आणि भरायचा खटका दोनदा मागे खेचला. पहिलं काडतूस उजवीकडे उडून ओट्यावर आदळलं. दुसरं वाडग्याच्या काठाला लागून खणखणलं.

"ही माझी आहे," लॅनेट म्हणाली. "पण ऑगस्टपासून माझ्याकडे नाही."

"आज सकाळी मी ती जेंट्रीच्या कपाटातून आणली," कोल्टर म्हणाला. "त्यानेच काढून दिली. शनिवारीही ती तिथेच होती म्हणाला."

सगळे जेंट्रीकडे वळले. त्याचा डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला होता.

"कुणीही नेली असेल," तो म्हणाला. "माझ्याही घराला कुलूप नसतं."

"पुंगळीच्या बुडावर बंदुकीच्या पिनेचा ठसा असतो, जेंट्री. तुलाही माहीत आहे. कोल्टर ती उद्या तपासायला पाठवणार आहे. पण त्याआधी मला एक सांगायचंय, आणि ते तपासणीत येणार नाही." मर्लने ओलेटाची बंदूक हातात घेतली. "तुला तिचीच बंदूक वापरायची होती. तेच सोपं होतं. बार तिच्या बंदुकीतून, पुंगळी तिच्या बंदुकीची, मग मी जन्मात काही शोधू शकलो नसतो. बाई बेफिकीर असती तर बंदूक टेबलावर मिळाली असती, निदान पलंगाखाली. पण ती पोलादी पेटीत होती आणि आकडे तुला ठाऊक नव्हते. म्हणून तू घरी जाऊन ही आणलीस, आणि फळीवरचं एक काडतूस घेतलंस. बाईला बेफिकीर ठरवायला निघालास, आणि तिच्या शिस्तीनेच तुला दुसरी बंदूक आणायला लावली."

चुलीवर घेवडा उकळत होता.

"पोरगी पाचला येते," जेंट्री शेवटी म्हणाला. तो रॉइसकडे बघत होता. "मला माहीत होतं. चारला कुणी नसतं. कुणाला लागणार नव्हतं."

"आणि एखाद्या शनिवारी लवकर आली असती तर?" ओलेटाने विचारलं. आवाज चढवून नाही. शाळेत ताट सांडणाऱ्या पोराला विचारायची, त्याच आवाजात.

जेंट्रीची मान खाली गेली. "विहीर आटली, ओलेटा. चाळीस जनावरं आहेत. तुझा झरा दुष्काळातही वाहतो. रॉइसने घर विकलं असतं तर—"

"दहा वर्षं तू माझी लाकडं फोडतोस."

"हो."

"एकदा येऊन म्हणाला असतास, ओलेटा, पाणी दे. मी नाही म्हटलं असतं का?"

कोल्टरने जेंट्रीला दंडाला धरून उठवलं तेव्हा तो रडत होता, आणि ओलेटाने त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

गाडी गेल्यावर रॉइसने खिशातला कागद काढला. तो त्याने आधी आडवा फाडला, मग उभा.

"काकू," तो म्हणाला, आणि तुकडे चुलीत टाकायला वळला.

"जेव आता," ओलेटा म्हणाली. "पाव थंड होतोय."

७

शनिवारी दहा वाजता ओलेटा एक नंबरच्या जागेवर हजर होती. शेजारी रॉइस, कानांना मोठी झाकणं लावून, कॉफीचा डबा पोटाशी धरून. लॅनेट मैदानाचीच एक बंदूक घेऊन दोन नंबरवर होती आणि तिचं लक्ष स्वतःच्या थाळीपेक्षा काकूच्या थाळीकडेच जास्त होतं.

"कोण आहे? आहेस तिथेच थांब," ओलेटा ओरडली, आणि रॉइस दचकला. बार झाला. सात पावलांवरच्या थाळीच्या मधोमध मुठीएवढं भोक पडलं. लागलीच पंप ओढला, आणि पिवळी पुंगळी तिच्या बुटांमध्ये पडली. पंचवीस झाले तेव्हा थाळीचं मधलं काही उरलं नव्हतं.

मर्लने आयुष्यात मोठमोठे नेमबाज पाहिले होते. हवेत फेकलेली मातीची तबकडी पाठमोरं उभं राहून फोडणारे पाहिले होते. त्यातल्या कुणासाठी त्याने टोपी काढली नव्हती. आज काढली.

"डोकं उघडं ठेवून थंडीत उभा राहू नकोस," ओलेटा म्हणाली, आणि नळीच्या मुळाशी करंगळी घातली.

दुपारी तिला घरी सोडायला तोच गेला. भिंतीला नव्या फळ्या लागल्या होत्या, रॉइसने ठोकलेल्या, जराशा तिरप्या. अंगणातून मर्लला कुंपण दिसलं. दोन्ही शेतांमधलं फाटक सताड उघडं होतं, आणि जेंट्रीच्या गायी ओलेटाच्या झऱ्यावर रांगेने पाणी पीत होत्या.

"फाटक कुणी उघडलं?" त्याने विचारलं.

"मी," ओलेटा म्हणाली. "मालक गेला तुरुंगात. गायींनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

ती बंदूक घेऊन आत गेली. आतून पेटीचे आकडे फिरल्याचा आवाज आला, आणि मग ती टपाल आणायला निघाली.